पाठमोरा आवाज

केतकी म्हेत्रेला तार तुटल्याचं आईनं सांगितलं, तेव्हा केतकी नेमकी तीच तार छेडत होती.

वैशाखातली सकाळ होती. इचलकरंजीतल्या त्या जुन्या कारखान्याचा पत्रा तापायला लागला होता आणि पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हात कापसाची रुई तरंगत होती. इथले माग भंगारात जाऊन कैक वर्षं लोटली, तरी रुई काही जागा सोडत नव्हती. केतकीच्या वडिलांचे इथे चार माग होते. त्यातला एक तिनं विकू दिला नाही. त्याच्या उभ्या सुताच्या, म्हणजे ताण्याच्या जागी पोलादी तारा ओढल्या, आडवं सूत नेणारा खालचा धोटा तसाच ठेवला आणि त्या धुडाचं नाव ठेवलं मागवीणा. धोटा इकडून तिकडे धावला की तारा झणाणायच्या आणि बोटांनी छेडल्या की निराळंच काही बोलायच्या. शनिवारी पुण्यात केतकीचा कार्यक्रम होता, त्याची तालीम चालली होती.

आई चहा घेऊन आली, ती वळसा घालून समोर आली. ही तिची जुनी खोड. मागावर हयात घालवलेलं माणूस पाठीमागून बोलत नाही. कारखान्याच्या खडखडाटात पाठीमागून बोललेलं वाऱ्यावर जातं. तिथं समोर जायचं, नजरेला नजर द्यायची आणि ओठ मोठे करून बोलायचं. आवाज काढला काय आणि न काढला काय, सारखंच. आई सुताच्या कांड्या भरता भरता इतर बायकांशी जन्मभर असंच बोलत आली होती आणि केतकीही बोलायला शिकली ती आधी ओठ वाचून.

“तार तुटलीया की गं,” आई म्हणाली. “वाजीवतीस काय मग?”

“कुठली?”

“ही काय. तुझ्या बोटाखालची.”

केतकीनं खाली पाहिलं. तिसरी तार खुंटीपाशी वेटोळं होऊन लोंबकळत होती. बोट होतं ते नुसत्या हवेत. तिनं तेच बोट हवेतून पुन्हा ओढलं आणि तार वाजली. भरदार, गोल, शेवटी जराशी थरथरून विरणारी. तिला आवडायची अगदी तशी.

तिनं पुन्हा बोट ओढलं. पुन्हा वाजली.

तिला ऐकू यायचं बंद झालं होतं, तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

*

केतकी म्हेत्रे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. तिनं सिनेमाला संगीत दिलं नाही की गणपतीच्या मंडपात वाजवलं नाही. संबळ, सुंदरी, चेलो, सरोद, हाती लागेल ते ती वाजवायची. आणि जे वाजतच नाही असं लोक म्हणायचे, ते सगळ्यात आधी. बंद पडलेली सूतगिरणी, कोरडी विहीर, साखर कारखान्याची रिकामी टाकी अशा ठिकाणी तिचे कार्यक्रम व्हायचे. पहिल्याच कार्यक्रमाला ओंजळभर माणसं आली होती आणि त्यातली निम्मी पत्ता चुकून आली होती. वडील म्हणायचे, “ह्यापरीस माग बरा, निदान कापड तरी निघतंय.” पण केतकी हटली नाही आणि कुठल्या कंपनीच्या दारातही गेली नाही. स्वतः रचायचं, स्वतः वाजवायचं, ध्वनिमुद्रण श्रीरंगनं करायचं आणि इंटरनेटवरून जगभर पाठवायचं. वीस वर्षांत तिची अशी माणसं तयार झाली. थोडी, पण जिवाला जीव देणारी.

श्रीरंग हा तिचा नवरा. मूळचा पुण्याचा, कानाचा पक्का आणि जिभेचा कच्चा. गोड बोलायचं असलं की तो समोर यायचा, कडू बोलायचं असलं की त्याला पाठ फिरवावी लागायची. ‘मला तुझ्याशीच लग्न करायचंय’ हे त्यानं तिला तोंडावर सांगितलं आणि ‘माझ्या आईला तू पसंत नाहीस’ हे खिडकीबाहेर बघत. त्यातून मिशा अशा झुपकेदार, की वरचा ओठ शोधून काढावा लागावा. केतकीच्या आईची कायमची तक्रार होती, “जावई लाखात एक हाईत, पर तोंडाला छप्पर हाय.”

चाळिशी उलटली आणि लहानपणी ऐकलेल्या मागांनी उट्टं काढलं. केतकीच्या कानांच्या नसा कामातून गेल्या. जुन्या पद्धतीचं यंत्र बसवून बोलणं कळायचं, पण संगीत म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं. ती दोन वर्षं काही वाजवू शकली नाही. मग कर्णिका आली.

कर्णिकेचे दोन भाग. एक कवटीच्या आत, केसाहून बारीक तारांनी थेट ऐकण्याच्या नसेला जोडलेला. दुसरी कानामागे चिकटणारी बटणाएवढी चकती. तिच्यात मायक्रोफोन, आणि आतल्या भागाची बारीकशी बॅटरी भरत राहण्याचं कामही तिचंच. बाहेरचा आवाज चकतीनं टिपायचा आणि आतल्या भागानं तो नसेला सांगायचा. पण ह्यात निमिषभराचा उशीर होतो. बोलण्यात तो जाणवत नाही. वाजवणाऱ्याचा मात्र त्यानं घात होतो. बोट आत्ता पडतं आणि सूर नंतर येतो. ह्यावर तोडगा म्हणून कर्णिका बनवणाऱ्यांनी तिला अंदाज बांधायला शिकवलं. पुढचा आवाज कोणता असेल ते ओळखायचं, तो आधीच ऐकवायचा, आणि मागून खरा आवाज आला की ताडून बघायचं. चुकलं असेल तर दुरुस्त करायचं.

ही काही लबाडी नव्हती. आपला मेंदूही हेच करतो. समोरचा माणूस बोलता बोलता खोकला, तर खोकल्याखाली गेलेलं अक्षर आपण मनानं भरतो आणि ते ऐकलं असंच समजतो. कर्णिका त्याच्या एक पाऊल पुढं गेली होती. कुठला अंदाज ऐकून मेंदू सुखावतो, हेही ती शिकत होती.

तिनं केतकीला संगीत परत दिलं. मागच्या दिवाळीनंतर केतकीनं ‘रिकामा धोटा’ नावाचा संग्रह केला आणि तो असा गाजला, की आजवरच्या सगळ्या कामाची त्यापुढं मातबरी राहिली नाही. बर्लिनच्या एका समीक्षकानं लिहिलं, ‘बेसूरपणाचं असं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं.’ केतकीला हे वाक्य कळलं नव्हतं. तिला तर सगळं सुरात ऐकू आलं होतं. पण समीक्षकांचं सगळंच कुठं कळतं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला डॉक्टर रुबिना मुल्लांकडे निघाली. कर्णिका बसवल्यापासून रुबिनाच तिची तपासणी करायच्या, पण दिवाळीपासून संग्रहाच्या गडबडीत केतकी तिकडे फिरकली नव्हती. गाडी श्रीरंग चालवत होता. तार तुटल्याचं त्याला सांगितलं नव्हतं. ‘नेहमीची तपासणी’ एवढंच सांगितलं होतं. केतकी खिडकीबाहेर बघत होती. उसाची शेतं मागं पळत होती.

मध्येच श्रीरंग बोलला. बोलताना त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही आणि केतकीनंही मान वळवली नाही.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. “काही झालं तरी मी आहे ना.”

तिला भरून आलं. न सांगताच ह्याला कळलं म्हणायचं. ती म्हणाली, “म्हणून तर मला कसली काळजी नाही.”

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, इतका वेळ की समोरून येणारा टेम्पो अंगावर आला. मग त्यानं गाडी सावरली.

दवाखान्यात त्याला बाहेर बसवून केतकी एकटीच आत गेली. तिनं रुबिनांना सगळं सांगितलं. रुबिना वयानं तिच्याहून बरीच लहान, बोलकी, सतत हसतमुख. त्यांनी केतकीच्या कानामागे हात घातला, काहीतरी चाचपलं आणि समोर येऊन बसल्या.

“आई कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात.”

“आणि मागवीणेचा कार्यक्रम शनिवारी ना? मी येणार होते, पण ड्यूटी आहे.”

“रेकॉर्डिंग पाठवते की.”

रुबिनांचं हसू मावळलं. “केतकीताई, घाबरू नका. जरा टेबलावर बघा.”

टेबलावर स्टीलच्या तबकात कानामागची चकती पडली होती.

“ही मी मघाशीच काढली,” रुबिना म्हणाल्या, आणि केतकीला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. बाहेर कुणीतरी स्टूल सरकवल्याचंही ऐकू आलं. पंख्याची घरघरही.

“मग मी ऐकतेय काय?”

रुबिनांनी टेबलावरचा एक कागद उचलून तोंडासमोर धरला. कागदामागून आवाज आला, “काळजीचं काही कारण नाही, केतकीताई. तुमचा कान उत्तम आहे.”

त्यांनी कागद खाली घेतला. “काय ऐकलंत?”

केतकीनं सांगितलं.

“मी सतराचा पाढा म्हणत होते,” रुबिना म्हणाल्या.

मग त्यांनी चकती भिंगाखाली धरून दाखवली. मायक्रोफोनचं बारीक छिद्र गच्च भरलं होतं. रुबिनांनी सुईनं टोकरून त्यातून पांढरा पुंजका बाहेर काढला. कापसाची रुई.

दिवाळीच्या आधी कारखाना झाडून काढला होता. रुई इतकी उडाली होती की तिघंही नाकाला फडकी बांधून फिरत होते. कानाला फडकं बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“चकती सटकली तर एकदम शांतता होऊन माणूस दचकू नये, म्हणून आतला भाग थोडा वेळ नुसत्या अंदाजावर चालतो,” रुबिना सांगत होत्या. आता त्या मुद्दाम सावकाश, तोंड समोर ठेवून बोलत होत्या. “खरा आवाज परत आला की तो थांबतो. तुमचा खरा आवाज परत आलाच नाही. दिवाळीपासून तुम्ही बाहेरचं काही ऐकलेलं नाही.”

“असं कसं होईल? मी लोकांशी बोलते, डॉक्टर. तुमच्याशी बोलतेय आत्ता.”

“तुम्ही ओठ वाचता. लहानपणापासून वाचता, त्यामुळे वाचतोय हे तुम्हाला कळतही नाही. ओठ दिसले की मेंदू शब्द ओळखतो आणि कर्णिका त्याला आवाज जोडते. समोरून बोललेलं सगळं खरं.”

“आणि जे दिसत नाही ते?”

रुबिनांनी मान खाली घातली आणि मग चूक लक्षात येऊन चटकन वर केली. “ते तिनं रचलेलं. तुम्हाला आवडेल असं.”

“पण ह्याची काही सूचना मिळते ना? चकती बिघडली की टुकटुक वाजतं ना?”

“वाजतं. तुम्हीच ते बंद करून घेतलंत. विसरलात?”

केतकीला आठवलं. ती टुकटुक कोमल ऋषभाच्या जराशी वर होती आणि तिच्या षड्जाला खुपायची. ‘एवढी बेसूर सूचना डोक्यात घेऊन मी वाजवू कशी?’ म्हणून ती इथेच भांडली होती. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मुकाट्यानं ऐकत राहिलं असतं. सुराचा हट्ट नडला तो असा.

“नवी चकती लावा,” ती म्हणाली.

“लावून उपयोग नाही. आतला भाग आता खरा आवाज आला तरी त्याला गोंगाट समजून टाकून देईल. त्याला स्वतःचाच भरवसा झालाय. आतलं शिकलेलं सगळं पुसावं लागेल. मग पहिल्यापासून. आधी पूर्ण शांतता, मग हळूहळू आवाज. बोलणं वर्षभरात येईल. संगीताचं…” रुबिना थांबल्या. “खोटं कशाला सांगू? येईल की नाही, मला माहीत नाही.”

पुसण्याचं बटण त्यांनी केतकीच्या मोबाइलवर घालून दिलं. अंगठा दाबून धरायचा, पडदा पांढरा होईपर्यंत. “कान तुमचा आहे, निर्णय तुमचा. शनिवार होऊ दे हवं तर,” त्या म्हणाल्या.

*

परतीच्या वाटेवर केतकी दाराला पाठ लावून, श्रीरंगकडे तोंड करून बसली. एक ट्रक जोरात पुढं निघून गेला. त्याचा हॉर्न तिला ऐकू आला, पण ट्रक दिसल्यानंतर. तिनं डोळे मिटून बघितलं. लगेच कानात पाखरांचा किलबिलाट सुरू झाला आणि खाली कुठंतरी तंबोऱ्यासारखं काहीतरी घुमायला लागलं. इतकं सुंदर, की तिनं घाबरून डोळे उघडले.

‘रिकामा धोटा’ तिनं ऐकलाच नव्हता. तारा उतरल्या होत्या की चढल्या होत्या, किती तुटल्या होत्या, देव जाणे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तशी गत. ती बहिरी वाजवत होती आणि जग वाहवा करत होतं.

पण श्रीरंग? त्याचे कान शाबूत होते. त्यानं तो संग्रह ध्वनिमुद्रित केला होता. मुद्रणाच्या वेळी तो काचेपलीकडे यंत्रांकडे तोंड करून बसायचा. त्याची पाठ केतकीकडे. आणि कडू बोलायचं तर श्रीरंग पाठ फिरवूनच बोलणार! दिवाळीपासून त्या पाठमोऱ्या माणसाकडून तिनं ‘छान’, ‘सुरेख’, ‘हे ठेवू या’ एवढंच ऐकलं होतं. वीस वर्षांत ज्यानं तिचा एक तुकडा धडपणे पसंत केला नाही, तो माणूस महिनोन्‌महिने नुसता गोड बोलत होता आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गोड कुणाला नको असतं?

खरं तो काय बोलला होता? आणि त्यावर ती काय बोलून बसली होती? ती उलटसुलट उत्तरं देत असणार. लोक सोडून देत असणार, कलावंत माणूस, लहरी, म्हणून. पण त्यानं काय समजावं?

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आज सकाळी ह्याच गाडीत तो रस्त्याकडे बघत काहीतरी बोलला होता.

“काय बघतेस?” श्रीरंगनं विचारलं. निम्मे शब्द मिशांत अडकले, पण एवढं तिला कळलं.

“काही नाही,” ती म्हणाली. विचारायचा धीर झाला नाही.

*

घरी पोचल्यावर श्रीरंग सरळ मुद्रणाच्या खोलीत गेला. केतकी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, तर आई ओट्याला वळसा घालून समोर येऊन उभी राहिली. ह्या खेपेला तिनं आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. मागावर असताना मुकादमाच्या चहाड्या करायची तशी.

‘श्रीरंगरावांनी बॅग भरलीया.’

“शनिवारची असेल, आई. पुण्याला जायचंय ना.”

‘स्वेटर घातल्यात आत. ऐन वैशाखात पुण्याला स्वेटर कशाला?’ आईचे डोळे भरले होते. ‘माणूस चाललाय तुझा. आणि तू सारखी हसून हसून हूं म्हणतीस त्याला. म्या किती डाव बघितलं. तुला काळीज हाय का न्हाई?’

ह्या बोलण्याला कर्णिकेनं आवाज जोडला नाही. का कोण जाणे. बहुधा केतकीला सुखावेल असं त्यात काहीच सापडलं नसावं.

ती धावतच मुद्रणाच्या खोलीत गेली. श्रीरंग टेबलाशी वाकून वायरींची गुंडाळी करत होता. पाठ तिच्याकडे. दाराशी खरोखरच मोठी बॅग होती.

“श्रीरंग, सकाळी गाडीत काय म्हणालास?”

त्याचे खांदे थांबले. कानात त्याचा आवाज आला, मऊ, हसरा, “अगं, कुठं काय? घाबरू नकोस म्हणालो.”

“इकडे वळ. माझ्याकडे बघून सांग.”

तो वळला. चेहरा ओढलेला, डोळे लाल. ओठ हलले आणि मिशाही हलल्या. केतकी जवळ गेली, अगदी नाकाला नाक लागेल इतकी जवळ, आणि एकेक शब्द वेचत राहिली.

“म्हणालो… शनिवारनंतर मी पुण्यालाच राहीन. परत येणार नाही. तू म्हणालीस…” त्यानं हातातली वायर खाली ठेवली. “‘म्हणून तर मला कसली काळजी नाही.’”

मग तिनं सगळं सांगितलं. रुई, चकती, कागद, सतराचा पाढा. सांगताना तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, तोही खोटाच, नीट लावलेल्या सुरात. श्रीरंग ऐकत होता. त्याला खरं वाटत होतं की नाही, ते मिशांआड कळत नव्हतं. मध्येच तो काहीतरी भराभर बोलला, तिला दोनच शब्द लागले, ‘दिवाळीपासून’ आणि ‘एकटा’. आणि मग व्हायचं तेच झालं. त्याला भरून आलं, आणि भरून आलं तशी त्यानं पाठ फिरवली.

“मी थांबतो, केतकी,” कानात आवाज आला. “कुठं जातोय मी तुला सोडून? वेडी कुठली.”

तोच तो आवाज. लग्नाआधीचा, खर्जातला, किंचित घोगरा. तिला त्याच्या पायांशी कोसळून रडावंसं वाटलं. हे खरं असेल! असू शकतं की! माणूस खरंच असं बोलू शकतो. विश्वास ठेवला तर सगळं जागच्या जागी राहणार होतं, हा आवाज, मागवीणा, शनिवार, टाळ्या. फक्त इथेच उभं राहायचं, एक पाऊलही हलायचं नाही.

“आपण पुढचा संग्रह करू,” आवाज म्हणत होता. “आणखी मोठा. मी आहे ना.”

केतकी वळसा घालून समोर गेली.

श्रीरंगचे ओठ मिटलेले होते. घट्ट मिटलेले. मिशांवरून पाणी ओघळत होतं. आणि तिच्या कानात तो बोलतच होता, “मी आहे ना, केतकी. मी आहे ना.”

ती किंचाळली असावी, कारण तो दचकून मागं सरला. तिनं मोबाइल काढला आणि बटणावर अंगठा टेकवला. कानातला आवाज एकदम लाडिक झाला. “नको ना गं. अंधारात एकटी काय करशील?” तिला एकटेपणाची भीती वाटते, हे त्या आवाजाला बरोबर माहीत होतं. पण अंगठा तिनं उचलला नाही. मागवीणेच्या साऱ्या तारा एकदम झणाणल्या, तुटलेली तिसरीसुद्धा. मग पडदा पांढरा झाला.

काहीच राहिलं नाही. पंखा फिरत होता, त्याला आवाज नव्हता. श्रीरंग तोंड उघडून काहीतरी म्हणाला, त्यालाही आवाज नव्हता, आणि मिशांखालचं काही तिला लागेना. तिनं मान हलवली. आपण ‘कळत नाही’ असं म्हणालो की नुसतंच मनात आणलं, तेही तिला कळेना.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग दाराशी गेला, बॅग ओलांडली की उचलली ते तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात दिसलं नाही, आणि निघून गेला.

केतकी भिंतीला टेकून बसली. दार वाजलं असेल तर तिला कळणार नव्हतं. गाडी सुरू झाली असेल तरी कळणार नव्हतं. तिनं फरशीवर तळहात ठेवला, लहानपणी माग चालू आहे की बंद, ते अशीच ओळखायची. फरशी गार होती. तिला वाटलं, आपण पुसलं ते चुकलं. खोटं असलं तरी तो आवाज सोबतीला होता. आता ह्या खोलीत मागून कुणी आलं, वाघ जरी आला, तरी कळायचं नाही. उठून बाहेर बघायची तिला हिंमत होईना. बाहेर गाडी नसली तर? मान वळवून बॅग आहे का बघायचीही हिंमत होईना. ती समोरच्या भिंतीकडे डोळे फाडून बघत बसली. पापणी मिटायचीसुद्धा भीती वाटत होती.

मग समोर कुणीतरी येऊन उकिडवं बसलं. मागून आलं नाही, बाजूनं आलं नाही. चांगला वळसा घालून, मागवाल्यासारखं समोर आलं.

तिनं आधी ओळखलंच नाही. हा कोण माणूस? नाकाखाली पांढरीफटक कातडी, वस्तऱ्यानं कापलेल्या जागी कापसाचा बोळा चिकटवलेला, आणि वर चक्क दोन ओठ. वीस वर्षांत कधी न पाहिलेला वरचा ओठ जरासा वाकडा होता. त्याच्यामागे दारात आई उभी होती, हातात वडिलांचा जुना दाढीचा पेला घेऊन.

श्रीरंगनं नजरेला नजर दिली. तोंड वळवायला मान दोनदा बाजूला गेली, दोनदा त्यानं ती परत आणली. मग ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा करत तो बोलला, आणि केतकीनं त्यातलं अक्षर न्‌ अक्षर वाचलं.

“‘रिकामा धोटा’ अगदी भिकार झालाय.”